इनासची दाढ

दिवसा मी दात करते.
म्हापशात, खोर्लीच्या चढावर, बेकरीच्या माडीवर
एक खिडकी, एक पंखा, मेणाचा वास
आणि भिंतीला दातांच्या सोळा छटांची पट्टी,
त्यातली सगळ्यांत पांढरी जो तो मागतो
आणि शोभत कुणालाच नाही.

रात्री त्याच टेबलावर, त्याच ड्रिलने
मी राक्षसाचा हात कापते.

अंगठ्याएवढा राक्षस.
डब्यातून आला तो गदा उगारूनच,
त्याच साच्यातले हजारो असतील, सगळ्यांची गदा तशीच वर.
मला तो दमलेला हवा होता.
खांद्यात छिद्र, छिद्रात पितळी तार,
तारेवर हिरव्या पुट्टीचा नवा दंड,
ओल्या सुईने ओढलेल्या शिरा.
गदा आता जमिनीला टेकली.
त्यालाही बरं वाटलं असावं.

पायाखाली आसगावच्या सड्यावरचा जांभा
खलात कुटून, चहाच्या गाळणीतून.
दमट हवेत स्प्रे मारला तर पिठासारखा बसतो
म्हणून अस्तर ब्रशनेच,
दोन हात, मधे एक झोप.

शुक्रवारचा बाजार उठला की
वल्लभ फार्मसीचं शटर ओढून येतो,
रॉयस्टन येतो, मागे त्याचा भाचा.
पाचाविरुद्ध पाच. कौलांच्या तुकड्यांचं पडकं गाव,
फासे, फूटपट्टी.
सहा इंच की साडेसहा, यावरून
आमचं बोलणं दोनदा बंद पडलंय.

राक्षसाला ढाल नव्हती.
फळीवर एक कवळी आठ महिने पडून:
इनास, आसगाव, वरची, ए-फोर.
अर्धे पैसे दिलेले. फोन लागत नाही.
मी मनातल्या मनात त्याला केव्हाच पुरलं होतं,
मेणबत्तीसुद्धा लावली होती.
तर डावीकडची मागची दाढ काढली.
पोकळ बाजू मुठीत, माथा शत्रूकडे,
चार उंचवटे, मधे फुलीसारखी खाच.
रंग दिलाच नाही. खाचेत नुसता
पातळ तपकिरी सोडला,
तो आपली वाट आपणच शोधत गेला.

मंगळवारी जिना वाजला.
“म्हजे दांत जाले गो?”

दोहाला होता, मुलीकडे. नातू झाला म्हणे.
मी उद्या या म्हटलं, कवळी पदराआड.
तो बसला. दिव्याखाली राक्षस वाळत होता,
त्याने उचलला, पण बरोबर बुडाशी धरून,
ओला रंग माहीत असलेला माणूस धरतो तसा.
शापोऱ्याच्या होड्यांवर नावं रंगवायचा तो,
चाळीस वर्षं, हे मला तेव्हा कळलं.

चष्मा वर. चष्मा खाली.
“ही दाढ.”
मी मान हलवली.
“म्हजी?”
मी पुन्हा हलवली.
तो हसला, सगळ्या हिरड्यांनी,
इतका की राक्षस त्याच्या हातात थरथरला.

मग एकदम गंभीर. ढालीबद्दल चकार शब्द नाही.
“दोळे सारके ना.”
पांढरा घातलास कशाला, म्हणाला,
काठावर उभं राहून होडीतल्या कुणाच्या डोळ्यात
तुला पांढरं दिसलंय?
माझा तीन शून्यांचा ब्रश मागितला,
टोक ओठांनी ओलं केलं,
भुवईखाली एकच तपकिरी रेघ, श्वास न घेता.
दुसऱ्या डोळ्याला हात कापला.
ती तू ओढ, म्हणाला.

मी ओढली. ती तेवढी चांगली नाही.

कवळीला रात्रीत नवी दाढ बसवली.
ए-फोर संपले होते, ए-थ्री लावली.
आरशात त्याला दिसलं, जीभ तिथे फिरली,
बोलला काही नाही.

शुक्रवारी राक्षस दुसऱ्याच फेरीत पडला.
एक पडला, परत टाकला, परत एक.
ढालीने काय करावं.

आता इनासचा फोन लागतो.
तोच लावतो. जिंकला का, विचारतो,
आणि डावीकडे चावताना ठक् वाजतं म्हणतो.
या म्हटलं.
घासून देते.