तीन कोटेशनं आणि एक बरणी

टेबलावर तीन कोटेशनं. वर पेपरवेट म्हणून
जुन्या पंपाचा झिजलेला इंपेलर.
पवने एमआयडीसी, दुपारचे सव्वातीन,
शेडच्या पत्र्यावर कावळ्याची नखं.

पहिलं वागळे इस्टेटच्या गडा फॅब्रिकेटर्सचं:
जीआयची टाकी, आठ दिवसांत दारात,
भाव असा की अकाउंट्सच्या तावडेबाईंनी
पेन्सिलीनं आधीच बरोबरची खूण केलेली.
दुसरं प्लॅस्टिकचं. काळी, गोल, हलकी,
सोसायटीच्या गच्चीवर असते तिची थोरली बहीण.
तिसरं स्टेनलेसचं. आकडा बघितला
आणि कागद पालथा ठेवला.

मी हिशेबात होते.
तासाला वीस हजार लिटर ग्लायकॉल फिरतं,
उणे सहावर जातं, उणे दोनवर परततं.
त्या चार अंशांवर आमचं सगळं दूध,
टांगलेला चक्का, दोन शीतघरं, दिवाळीची ऑर्डर.
कॉम्प्रेसर बसला तर हातात किती वेळ हवा?
बारा मिनिटं, मी लिहिलं. बाराच का, ते नंतर.
मिनिटाला तीनशे तेहतीस, म्हणजे चार हजार.
पंप थांबला की वरच्या पाइपांतलं सगळं
खाली घरी येतं, त्याला नऊशेची जागा.
वर थोडं रिकामं, श्वासापुरतं.
सहा हजार म्हणा.

तेवढ्यात धर्मा वैती आला,
हातात लोणच्याची बरणी.
बाप घणसोलीकडच्या मिठागरात राबलेला,
हा तीस वर्षं कॉम्प्रेसरशी बोलतोय.
"होळीला टाकलेला, मॅडम. आता बघा."
बरणीत ग्लायकॉल. ग्लायकॉलात जीआयचं एक कपलिंग.
आणि तळाशी, नासलेल्या दुधासारखा,
पांढरट, बुळबुळीत साका.
जस्त आणि गंजरोधक औषध
एकमेकांना खात बसले होते आठ महिने.
डेटाशीटच्या एकोणिसाव्या पानावर
बारीक अक्षरात हेच लिहिलेलं होतं.
मी ते पान उलटून पुढे गेले होते.

"हा चोथा प्लेटांमधी बसल,
मग तुम्ही मना रविवारी बोलवाल."

"मग स्टेनलेस?"
"आतून चालंल. बाहेरून खाडी हाय."
लेपाच्या आत दमट हवा शिरली
की थंड पत्र्याला घाम फुटतो,
घामात मीठ, मिठात टाचणीएवढं भोक.
वैतीला क्लोराइड हा शब्द येत नाही.
बापाच्या फावड्याचं पातं
दर मोसमाला किती आखूड व्हायचं, ते येतं.

मग त्यानं टेप काढून दार मोजलं.
एकशे नव्वद. टाकीचा व्यास एकशे ऐंशी,
आणि दोन्ही बाजूंनी दहा-दहाचा फोम.
मी भिंत फोडायचा खर्च मांडायला लागले.
"उघडीच आना," तो म्हणाला,
"आत आल्यावर नेसवू."

तावडेबाईंच्या टेबलावर मी बरणी ठेवली.
त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला,
कुणाच्या घरचं लोणचं, विचारलं.
मी सांगत गेले. त्या साक्याकडे बघत राहिल्या.
खोडरबर घेतलं. खूण पुसली, पण पुरती गेली नाही.
गडाच्या कागदावर अजून तिचा ओरखडा आहे.

आता टाकी उभी आहे, चंदेरी, चिलखत घातल्यासारखी.
सांध्यांना वैतीनं स्वतः डांबरपट्टी मारली,
गडाच्या पोरांवर विश्वास नाही त्याचा.
टाकीही शेवटी गडानंच बनवली, हे सांगायचं राहिलं.

परवा रात्री कॉम्प्रेसर बसला.
पंप जनरेटरवर चालू, मीटर चढत गेला,
उणे सहा, उणे पाच, उणे साडेचार.
चक्क्याला काहीच कळलं नाही.

तर बारा मिनिटं.
कॅन्टीनपासून कॉम्प्रेसर रूमपर्यंत वैतीची चाल:
पाच. डावा गुडघा दुखतो म्हणून सहा.
टायमर सुटेपर्यंत तीन.
स्टार्टर दोनदा मारून बघायला दोन.
आणि एक मिनिट
हातातला चहा संपवायला.
कोटेशनमध्ये त्याला कॉलम नव्हता.
मी ते तीनशे तेहतीस लिटर धरले.