दहापैकी किती

उसण भरली असेल म्हणून पहिले आठ दिवस घालवले.
भद्रकालीतल्या चंद्रभागामावशी पायाळू,
वय एक्क्याऐंशी, लाथेत जोर कुठला.
मी उंबऱ्याशी पालथा पडलो,
त्यांनी भिंत धरून कमरेवर अंगठा टेकवला
आणि म्हणाल्या, झालं. आता मला खाली बसव.

नवव्या दिवशी हंडा मठारता मठारता
डावा पाय ढुंगणापासून करंगळीपर्यंत पेटला.
मग करंगळी विझली ती विझलीच.
तांबट आळीतून घरी आलो तेव्हा
त्या पायात चप्पल नव्हती,
आणि मला ते पोरीने सांगितलं.

गंगापूर रोडला त्या बोगद्यात वीस मिनिटं.
आत ठोके पडत होते. दुसरं काही करता येईना
म्हणून ऐकत राहिलो.
बाहेर आल्यावर म्हटलं,
आत कुणीतरी पत्रा ठोकतंय,
शिकाऊ आहे, हात बसलेला नाही.

डॉक्टर निरगुडेंनी फिल्म उजेडावर धरली.
मणके म्हणजे उतरंडच,
तळाला थोरले, वर लहान होत गेलेले,
आणि दर दोन भांड्यांत एक चुंबळ.
सगळ्यात खालची मागे सरकून
नसेवर बसली होती.
म्हटलं, पोचा आलाय.
ते म्हणाले, पोचा बाहेरून आत येतो,
हा आतून बाहेर आलाय.

किती वर्षं वाकून बसता?
अकराव्या वर्षापासून. आता त्रेपन्न.
त्यांनी कागदावर लिहिलं, कारण : व्यवसाय.
मला ते पटेना.
वडील ह्याच पाटावर, असेच ओणवे,
शेवटच्या आजारापर्यंत त्यांची कंबर कुरकुरली नाही.
चुलतभाऊ उल्हासने हातोडा कधी धरला नाही,
बँकेत गादीची खुर्ची, वर पंखा,
त्याच्या दोन चकत्या गेल्या.
डॉक्टर थांबले. म्हणाले,
थोडं रक्तातून येतं, थोडं तंबाखूतून,
थोडं कशातून ते आम्हालाही ठाऊक नाही.
त्या शेवटच्या वाक्यावर माझा विश्वास बसला.

ऑपरेशन लगेच नको म्हणाले. बघू.
तळमजल्यावर व्यायामाचा हॉल,
सतरंज्यांवर आम्ही सगळे पालथे.
अश्फाकभाई, लासलगावचा कांदा मुंबईला नेणारे,
चिरा दिल्यावर अडीच महिन्यांत कसारा उतरले,
पेढे घेऊन आले, उभ्यानेच वाटले.
मोहाडीच्या ताराबाई गांगुर्डे,
बागेत मान वर करून मणी विरळणाऱ्या,
त्यांचंही तेच ऑपरेशन, हातही त्याच डॉक्टरांचा,
पाय सुटला, कंबर राहिली.
आणि खैरनार मास्तर. चार स्क्रू, दोन खेपा.
ते काही सांगत नाहीत.
स्वतःची उशी घरून आणतात,
जाताना तिला हळूच झटकतात.

मृण्मयी रोज वही उघडते,
काका, दहापैकी किती?
दुखणं आकड्यात मोजायची मला सवय नाही.
आम्ही भांडं वाजवून बघतो.
पहाटे उठताना मी बद्द वाजतो,
तडा गेलेल्या घागरीसारखा.
पालथं पडून दहा वेळा छाती उचलली
की थोडा नाद येतो, सगळा नाही.
हे तिला कसं सांगू. सात, म्हणतो.
ती सात लिहिते.
गेल्या मंगळवारी चार म्हणालो,
तिने मान वर करून पाहिलं.

पाचवा महिना. करंगळी अजून दुसऱ्याची आहे.
सातपूरहून लोखंडी घोडा करून आणला, कमरेएवढा,
त्यावर खरवई बसवली.
ठोका आता खांद्यातून उतरतो,
मठाराची ओळ जरा लांब पडते.
गिऱ्हाइकाला कळत नाही.
काल आतून, मेथी निवडता निवडता,
पुष्पलता ओरडली,
दुकानात कोण बसलंय हो?

मीच, म्हटलं.
बसलेलो नाहीये.

एवढ्यात एक ठोका वाकडा गेला,
तो पुन्हा मारला.