वळण

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो,
माझा एडिटर मात्र साडेसहापर्यंत पांढराफटक.
ती ओळ मी सांगलीत लिहिली होती,
तिथल्या सूर्याच्या भरवशावर.
आज खोडली. आता तो अक्षांश विचारतो
आणि खिडकीतली टे नदी दिसेनाशी झाली
की आपणहून काळा होतो.

अकरा वर्षांची फाइल. सातशे बारा ओळी.
करंगळी ठणकायची म्हणून
कंट्रोल अंगठ्याखाली आणला.
कॅप्स लॉकचं एस्केप केलं,
तेव्हापासून परक्या कीबोर्डवर मी ओरडतेच:
परवा मोरॅगच्या लॅपटॉपवरून
घरमालकाला गळक्या नळाची तक्रार
सगळी कॅपिटलमध्ये गेली.
नळ त्याच दुपारी दुरुस्त झाला.

चारशे सहाव्या ओळीच्या डोक्यावर एक शेरा,
अख्ख्या फाइलीत तेवढाच मराठीत:
हे काढू नकोस. निरुपमा.
सहा महिने शेजारच्या खुर्चीत होती.
तिचा नंबरसुद्धा आता लागत नाही.

ओळ काय करते ते मला वाचून कळेना.
साफसफाईच्या भरात उडवली.
काही बिघडलं नाही. चहा झाला.

सकाळी फाइल उघडली, तर पहिल्याच ओळीवर.
दुसरी उघडली, तीही.
कर्सर आपला दाराशी उभा,
पाहुण्यासारखा.

काल जिथे हात थांबला होता
तिथे मला रोज नेऊन सोडणारी
ती ओळ होती.

परत घातली. शेऱ्यासकट.
त्याच्याखाली फक्त लिहिलं:
बरं.