तीन ओळींची जागा

सातेरी मुतगेकर म्हणाला,
"असं लिव्ह की, वाचूनच घाम फुटला पायजे बघ."
मी लिहिलं : तीस दिवसांत नवं शरीर.
त्यानं चहा बशीत ओतला.
"आणि जुन्याचं काय करायचं गा?"

वडगावात अजून चार गल्ल्या खडखडतात.
बारा वर्षं हातमागाची दोरी ओढून
त्याचा उजवा खांदा
डाव्यापेक्षा बोटभर खाली आलाय.
तो फोटोत नको, म्हणतो.

फ्लेक्सवर कानडी वर, मोठं.
मराठीला खाली तीन ओळी.
ताकद तेवढी दोन्हीकडं निभते :
वर ताकत्तु, खाली ताकद.

पिळदार खोडलं.
चरबी जाळा, तेही खोडलं,
इथं जाळायला कुणाकडं आहे एवढी?
मग उरलं ते असं :

पहाटे पाचला दार उघडं.
मागावर बसायच्या आधी या, दुखतंय ते सांगा.
फी पगार झाल्यावर.

"ह्यात जाहिरात कुठाय?"
म्हणत त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं,
ग्राहकाला ऐकू जाईल असं.
दुकानात ग्राहक नव्हता.

जाताना दारातून वळला.
"फोटो घाल की. दोन्ही खांद्यांचा."