गाठ

कारखान्यात मी मिनिटाला बत्तीस वळायचे.
हे मी कुणी न विचारता सांगते,
म्हातारपणी तेवढी सवलत असते.
कणकेची दोरी हातात आली की
मनगटाचा एक हिसका, बोटांचा एक फेर,
आणि ट्रेवर प्रेट्झेल,
हाताची घडी घालून बसलेल्या पोरासारखं.
एकोणतीस वर्षं. मग यंत्र आलं.
त्याला ना खोकला, ना जेवणाची सुट्टी.

आता गाठी बोटांतच आल्यात.
डॉक्टर त्यांना लांबलचक नाव देतो.
मी म्हणते, जन्मभर इतक्या बांधल्या,
त्यातल्या काही घरी राहायला आल्या.

म्हणून मी नुसते तुकडे करते.

आज शाळेला बर्फाची सुट्टी.
वरच्या मजल्यावरचा यादिएल, वय नऊ,
जिन्यात बसून बूट वाळवत होता.
आई रात्रभर गोदामात खोकी भरून
नुकतीच झोपलेली. म्हटलं, ये आत,
पण आवाज करायचा असेल तर कणकेवर कर.

दूध किती कोमट? त्यानं विचारलं.
बाळाच्या आंघोळीइतकं.
मला बाळ नाही, तो म्हणाला.
यीस्ट फसफसलं, तसा दोन पावलं मागे सरला.
मग मैदा, लोणी, तिंबणं, बुक्क्या.
कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की थांब,
म्हटलं, तर त्यानं आधी स्वतःची चाचपली,
मग हात लांबवून माझी.
तुमची जास्त तिंबलीये, म्हणाला.

तासाभरानं फडक्याखाली पीठ दुप्पट.
दोऱ्या वळल्या, सुरीनं कापल्या,
करंगळीच्या पेराएवढे तुकडे.
सोड्याचं पाणी उकळत होतं.
कारखान्यात सोडा नव्हता, कॉस्टिक होतं,
त्याचा एक पांढरा डाग
माझ्या डाव्या मनगटावर राहिलाय.
यादिएलनं तो बराच वेळ पाहिला,
म्हणाला, नकाशात आईचं बेट असंच दिसतं.
इथे आजीचं घर, आणि बोट टेकवलं
बरोबर माझ्या शिरेवर.

तुकडे बुडाले, वर आले
रुसलेल्या गालांसारखे.
भट्टीतून निघाले तेव्हा सगळं रेडिंग गाव
माझ्या स्वयंपाकघराइतकंच राहिलं होतं:
खिडकीबाहेर काही नाही, नुसतं पांढरं,
आणि आत लोणी, दालचिनी, साखर,
पातेल्यात खुळखुळवलेले गरम तुकडे.

पण नुसते नाही खायचे, म्हणाला,
आणि धाडधाड जिना चढून
परत आला बरणी घेऊन.
त्याच्या आईनं रविवारी
गोड दुधाचा बंद डबा तीन तास उकळून
तपकिरी केलेलं. दुल्से दे लेचे.
माझ्या जिभेला ते नाव वळता वळेना.
मी त्यात चिमूटभर मीठ टाकलं.
तो ओरडला. मग बोट बुडवलं.
मग गप्प.

एक दोरी मी ठेवली होती, न कापलेली.
का, ते मला विचारू नका.
म्हटलं, टोकं धर, एकावर एक, पुन्हा एकदा, खाली दाब.
माझे हात हवेत करून दाखवत होते,
हवेत अजून बत्तीस जमतात.
त्यानं बुटाच्या नाडीची गाठ मारली.
दोन कान, मध्ये फुगा.
फोरमन हॅफनरनं ती भिंतीवर फेकली असती.
मी ती तशीच भाजली.

तीनला आई खाली आली, उशीच्या वळ्या गालावर,
मुलाला रागवायला.
उभ्या उभ्या अकरा तुकडे खाल्ले तिनं.
मग बसली. नाव माइरेनी.
चार वर्षं आम्ही एकाच जिन्याचा कठडा धरतो,
आणि गाठ पडली ती आज.

ती वाकडी गाठ कुणी खाल्ली नाही.
खिडकीत आहे, कडक होतेय, होऊ दे.
बरणी मात्र तळापर्यंत चाटून झाली,
धुऊन ओट्यावर पालथी घातलीय.
रिकामी परत द्यायची नसते.
काय भरू,
संध्याकाळपासून तेवढाच विचार करतेय.