ना हरकत

शिवाजीनगरला, कोर्टाच्या भिंतीला लागून
माझं टेबल, एक प्रिंटर, एक छत्री.
पान तीस रुपये. घाईचं चाळीस.
बायका इथवर येईपर्यंत रडून झालेल्या असतात,
माझ्यापुढे फक्त नावाचं ऱ्हस्व-दीर्घ तपासतात.

अरवा आली मार्चमध्ये, कोंढव्याहून,
सोबत सहा वर्षांची लुजैन
आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले दोन पासपोर्ट.
विद्यापीठात पीएच.डी., विषय विहिरींतलं खारं पाणी.
मराठी लेकीच्या शाळेतून शिकलेली,
म्हणून मलाही ‘बाई’च म्हणाली.

पोरीच्या पासपोर्टची मुदत संपत आलेली.
दूतावास म्हणतो, बापाचा ना हरकत दाखला आणा.
बाप कुठाय?
शेवटचा फोन मुकल्ल्याहून, दीड वर्षापूर्वी.
त्यात त्यानं पैसे मागितले होते.

मी विचारत गेले, टाइप करत गेले.
अर्ज. वकील. दावा. मुदत. हक्क.
ती एकदम हसली,
बाई, हे सगळे आमचे शब्द!
असतील, म्हटलं. चारशे वर्षं वापरतोय.
परत न्यायचे तर पावती लागेल.

मग एका ओळीवर तिचं बोट थांबलं.
हरकत? तुमच्यात याचा अर्थ काय?
विरोध. आडवं येणं.
आमच्यात हरकत म्हणजे हालचाल, ती म्हणाली.
आणि अक्षरावरची खूणसुद्धा,
ती नसली की नुसती व्यंजनं उभी राहतात, तोंड मिटून.
काना-मात्रा,
लुजैननं वहीतून मान वर न काढता सांगितलं.

म्हणजे ना हरकत,
मी म्हणाले, आणि पुढे काही म्हणाले नाही.

तिनं मावशीचं सांगितलं.
अठ्ठ्याहत्तर साली, अदनच्या कोर्टात,
शाळेत शिकवायच्या पांढऱ्या ब्लाउजवर, एकटी,
उभी राहिली. फारकत मिळाली. मुलगाही.
तेव्हा तिथला कायदा तसा होता,
बायकांनी मसुदा सभांमधून वाचलेला,
ओळ न् ओळ भांडून.
मग दोन देश एक झाले, मिठाई वाटली गेली,
आणि नवा कायदा आला, जुन्याहून जुना.
मावशीला होतं ते मला नाही.
असं कसं, बाई?
मागून आलेली मी मागेच कशी?

मी काय सांगणार.
माझ्या फारकतीला अकरा वर्षं झाली,
रेशनकार्डावर, वीजबिलावर, माझ्या नावात मधोमध
तो अजून पाय पसरून बसलाय.
नाव बदलायचे अर्ज मी शेकड्यांनी भरलेत.
दुसऱ्यांचे.

वकीलबाईंचा निरोप होता:
पालकत्वाचा अर्ज इथेच टाकून बघू,
टिकेल की नाही सांगता येत नाही.
शेवटी मी नेहमीचा मजकूर चिकटवला,
‘सदर बाबीस अर्जदाराची कोणतीही हरकत नाही’,
आणि खोडला.
‘अर्जदाराची हरकत आहे.’
अरवानं ओळ दोनदा वाचली,
दुसऱ्यांदा उजवीकडून.

प्रिंटरमध्ये कागद अडकला.
लुजैननं झाकण उघडून तो ओढून काढला,
सराईतासारखा.
तिसऱ्या प्रतीला शाई फिकी आली.
ती मी ठेवून घेतली.