नळी

आजपासून फोटो लागतो.
नंबरप्लेट दिसली पाहिजे, नळी आत घातलेली दिसली पाहिजे,
मागं माझी व्हॅन, जिंतूर नाक्याची पाटी,
आणि वेळ.

मुंजाजीची काळी-पिवळी आली.
अकरा वर्षं ओळखतो तिला,
म्हणजे नंबर ओळखतो.
सहा महिन्याला फोन यायचा, "मुनीरभाई, टाकून द्या तेवढं,"
आणि मी टाकून द्यायचो,
आकडे मनानंच,
दरवेळी जरासे वेगळे,
खरे वाटावेत म्हणून.

बघतोय पहिल्यांदाच.
डावं दार सुतळीनं बांधलेलं,
बोनेटच्या धुळीत कुणी बोटानं काढलेला मोर.
आत बोरीला निघालेल्या दोघी,
एकीच्या मांडीवर कोंबडी.
उतरा म्हटलं तर उतरेनात.

"दाब रेस."
धूर असा आला की समोरची रसवंती गेली,
नुसते घुंगरू ऐकू येत राहिले.
मशीननं आकडा दिला.
असा मी मनानं कधी लिहिला नसता.

नापास.

मुंजाजी काही बोलला नाही.
नळी त्यानंच ओढून काढली,
स्वतःच्या रुमालानं पुसली,
माझ्या हातात दिली.
नापासाची फी घ्यायची का नाही,
नियमात बघायचं राहिलंच माझं.

कोंबडीवाली म्हणाली,
"निघायचं का मग?"